काळ्या पोटाची किटली

मी एक जुनी चिनी मातीची किटली आहे. बाहेरून पांढरी, पण आतून बरीच वर्षं काळीकुट्ट होते. माझ्या तोंडाचा टवका उडालेला आहे, त्यामुळे ओतताना एक थेंब खाली सांडतोच. त्यावरून मी बरीच बोलणी खाल्ली आहेत. पण मित्रांनो, या वयात कोणाच्या हातून काय सांडत नाही?

भट्टीतून निघाले तेव्हा मी आतूनही पांढरीशुभ्र होते. मला विकत आणलं ते या घरच्या मुलाने. तो बस चालवायचा. घरात तो, त्याची बायको आणि सुतारकाम करणारे त्याचे वडील, एवढीच माणसं. संध्याकाळी कामावरून आला की तो स्वतः चहा करायचा. चहा कसला, नुसता काढाच! वास पार जिन्यापर्यंत जायचा. मग तिघं माझ्याभोवती बसायची आणि गप्पांना ऊत यायचा. मला आतून घासायचं नाही, नुसतं विसळायचं, असा त्याचा नियम होता. "खरी चव हिच्या पोटातल्या थरात आहे," असं म्हणत तो पाहुण्यांना माझं झाकण उघडून दाखवायचा, आणि मी फुलून जायचे.

मग तो आजारी पडला आणि गेला. अजूनही जिन्यात पावलं वाजली की माझा जीव खालीवर होतो.

घरात सून आणि सासरे उरले. ती कपडे शिवायच्या दुकानात कामाला जाई. संध्याकाळचा चहा दोघांनी सोडला नाही, कारण तेवढ्यापुरतीच ती एकमेकांशी बोलायची. भाजी, वीज, शेजारी, सगळं निघायचं. त्याचा विषय मात्र कोणी काढत नसे.

पुढे सासऱ्यांच्या छातीत धडधड होऊ लागली, झोप उडाली. डॉक्टरांनी कडक चहा बंद केला. "मग मी तिथे बसून काय करू?" असं म्हणत ते संध्याकाळी आपल्या खोलीचं दार लोटून घेऊ लागले. सून माझ्यासमोर एकटी बसायची. तिचा कप तसाच गार व्हायचा.

पण ती हात टेकणाऱ्यातली नव्हती. कमी कॅफीनचा, तरी चव असलेला चहा शोधायचाच, असं तिने मनावर घेतलं. तिने जव भाजले, सुकी फुलं आणली, सफरचंदाच्या साली खिडकीत वाळवल्या. चहाच्या दुकानदाराने तिला चहाच्या काड्या दिल्या. पानापेक्षा त्यांत कॅफीन कमी असतं म्हणे. त्याही तिने मंद आचेवर खमंग भाजल्या. एकेक प्रकार ती माझ्यात घालून सासऱ्यांपुढे ठेवी. ते एक घोट घेत आणि कप बाजूला सारत. "पोरी, यापेक्षा पाणी बरं."

एका संध्याकाळी ती कामावरून आली ती तडक माझ्याकडे. तिने झाकण काढून आत हुंगलं आणि मला सर्वांत वरच्या फळीवर ठेवलं. तिथे माझ्यावर धूळ बसू लागली. खाली पातेल्यात पाणी उकळल्याचा आवाज यायचा, आणि आपलं काय चुकलं ते मला कळेना.

सासऱ्यांना पातेल्यातला चहा मात्र आवडला. कप हातात घेऊन ते खोलीतून बाहेर आले.

"हे कुठून आणलंस?"

"त्याच काड्या, बाबा. आमच्या शिवणाच्या दुकानात पातेल्यात उकळल्या तर बायकांनी चहा मागून मागून घेतला."

"मग किटलीत काय होत होतं?"

ती म्हणाली, "किटलीत काहीही घातलं तरी यांच्याच चहाची चव येते. घासायला हवी. पण माझा हातच धजत नाही."

सासऱ्यांनी वर पाहिलं. "त्याने ती बघत बसायला आणली नव्हती," असं म्हणून ते स्टुलावर चढले.

त्यांनी माझ्यात कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा घातला. त्यांच्या राकट बोटांनी मला आतून घासलं. मित्रांनो, मला आवाज असता तर मी ओरडले असते. त्याच्या हातच्या चहाचा इतक्या वर्षांचा थर काळं पाणी होऊन मोरीत जात होता. सासरे खांद्याला डोळे पुसत होते, पण त्यांनी हात थांबवला नाही.

मग सुनेने माझ्यात काड्या आणि सफरचंदाच्या साली घातल्या. सासऱ्यांनी कप संपवला, पुन्हा पुढे केला आणि म्हणाले, "तो असता तर ओरडला असता, हे आजाऱ्याचं पाणी कोणी केलं म्हणून!"

ती खळखळून हसली आणि हसता हसता रडू लागली. मग कितीतरी वेळ दोघं त्याच्याबद्दलच बोलत राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाची तरी एखादी वस्तू असेल. तिला फळीवर ठेवून नुसती जपू नका. तिला घासा, पुसा, वापरा. माझ्यात आता त्याचा वास उरलेला नाही, आणि त्याची मला फार आठवण येते. पण तो गेल्यापासून या घरात त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं, ते त्या संध्याकाळी.