ठेवतो म्हटल्यावर

पुण्याहून आलेल्या कर्णिकांनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि खाली बोट ठेवून म्हणाले, "डॉक्टर शाहीन, इथे सही."

कर्णिक आमच्या कंपनीचे मोठे साहेब. मी तिची वैद्यकीय प्रमुख. अकोल्यात डॉक्टर झाले, सरकारी दवाखान्यात वर्षं काढली. त्या वर्षांत वऱ्हाडातली पिकं बुडत गेली तशी माणसं दवाखान्यात येईनाशी झाली, कारण एक दिवस अकोल्याला जायचं म्हणजे मजुरी बुडाली. म्हणून ही योजना मी उभी केली होती. गावोगावच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या पेशंटना घरी यंत्र द्यायचं आणि अमरावतीच्या ऑफिसातून आम्ही फोन करायचे.

कागदावर लिहिलं होतं, की दिवाळीपासून माणसांऐवजी मशीन फोन करेल. बरं असेल तर एक दाबा, नसेल तर दोन.

"तुमच्याच आकड्यांवरून ठरवलंय," कर्णिक खुशीत म्हणाले. "फोन तीन मिनिटांवर आणल्यापासून जवळपास सगळे पेशंट ठणठणीत आहेत."

माझं डोकंच सणकलं. "ठणठणीत नाहीत ते. तुम्ही फोन लवकर कापता म्हणून तसे दिसतात."

मी मूर्तिजापूरची. आमच्याकडे कुणी आपणहून फोन केला, की माणूस आधी पावसाचं बोलतो, मग पिकाचं, मग तुमच्या आईची तब्येत विचारतो. मग 'ठेवतो' म्हणतो, आणि त्यानंतर खरं काय ते सांगतो. विचारपूस करणाऱ्याच्या अंगावर आपलं दुखणं आधी टाकायला लाज वाटते. त्यात ही असली वर्षं. शेजारच्याचं शेत उभं करपलेलं असताना आपल्या दुखण्याचं रडगाणं गाणार कोण?

"हे किस्से झाले," कर्णिक म्हणाले. "पुरावा दाखवा."

"दाखवते."

यादीत पुढचं नाव नत्थुजींचं होतं. बार्शीटाकळीजवळ वांगी-टोमॅटो लावणारा, रक्तदाबाचा जुना पेशंट. मी नंबर लावला, स्पीकर सुरू केला. कर्णिकांनी घड्याळ काढून, तीन मिनिटांचा गजर लावून टेबलावर ठेवलं.

"काका, मी डॉक्टर शाहीन. तब्येत कशी आहे?"

"बरं हाय, म्याडम. मशीनीतबी बराबर आलं सकाळी. तिकडं पाणी हाय का?"

"नाही हो."

"इकडंबी नाई. पऱ्हाटी त अळीनं पार खाल्ली, कापूस गेला. वांगे तेवढे हायेत, पण इचारते कोन? तुमची आई कशी हाय?"

"बरी आहे. गुडघे दुखतात."

"तिले जिने चढू नोका देऊ." घड्याळ टीं टीं करू लागलं. "ठेवतो मंग."

"ठणठणीत," कर्णिक पुटपुटले आणि फोनकडे हात नेला. मी त्यांचं मनगट धरलं. घट्ट. साहेबाचा हात धरणं शोभत नाही, ठाऊक आहे मला. धरला.

नत्थुजी खाकरले. "अन् म्याडम... काई मोठं नाई. सकायपासून छातीवर कोनी बसल्यावानी वाटून राहिलं. डावा हात जड झाला. घाम त थांबतच नाई. तुमी कामात असान, म्हून..."

"काका, जिथे आहात तिथे बसा! मैनाबाई कुठे आहेत? त्यांना फोन द्या!"

त्यांची बायको फोनवर आली. यंत्राबरोबर दिलेल्या औषधांच्या पेटीतली छातीची गोळी मी त्यांना चावून खायला लावली, दुसऱ्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, आणि ती दारात येईपर्यंत मैनाबाईंशी बोलत राहिले. घड्याळ टेबलावर वाजत होतं. ते बंद करायचं कर्णिकांना सुचलं नाही.

संध्याकाळी अकोल्याहून कळलं, नत्थुजी वाचले. कर्णिकांनी सुस्कारा सोडला आणि पुन्हा कागद पुढे केला. "चांगलंच झालं. पण एका माणसावरून धोरण ठरत नसतं, डॉक्टर. सही नसेल, तर तुमच्या जागी सही करणारा आणावा लागेल."

"आणा. पण आधी उद्या माझ्याबरोबर अकोल्याला चला."

दुसऱ्या दिवशी नत्थुजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. मैनाबाई पायाशी. कर्णिकांनीच विचारलं, "काका, काल मशीनचा फोन आला असता, बरं असेल तर एक दाबा, नसेल तर दोन, तर तुम्ही काय दाबलं असतं?"

"एक."

"छातीत दुखत असताना?"

"मंग? मशीनीपुढं रडाचं काय?"

कर्णिक स्टूल ओढून बसले. मग थोडं पावसाचं झालं, वांग्यांचं झालं, माझ्या आईच्या गुडघ्यांचं झालं. शेवटी नत्थुजींनी हात जोडले. "बरं, या मंग. लांब जाचं हाय तुमाले."

कर्णिक उठले. मी बसूनच राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि परत स्टुलावर बसले.

नत्थुजी खाकरले. मैनाबाई पाणी आणायला बाहेर गेल्या होत्या.

"म्याडम, एक राह्यलं. हिलेबी दम लागते चालतानी. मले सांगू देत नाई."

सही न केलेला कागद कालपासून माझ्या पर्समध्येच होता. मी तो काढला आणि कर्णिकांच्या समोर फाडला. त्यांनी अडवलं नाही.