झेंड्यापर्यंत, समोरासमोर

कडककाका कयाकमध्ये बसले ते उलटे. जागा पुढची, पण तोंड मागे. नावेचं नाक त्यांच्या पाठीशी आणि मागच्या जागेवरची बायको बरोबर त्यांच्या तोंडासमोर. पाठ टेकायची पट्टी त्यांनी खाली पाडली आणि तिच्यावर पाय पसरून ऐसपैस बसले.

"बाबा, फिरा! पुढे बघून बसतात!" काठावरून लेक ओरडली.

"सत्तावीस वर्षं हिच्या समोर उभा राहून काम केलंय. आता म्हातारपणी हिला पाठ दाखवू?"

"अहो, ती शिकवते इथे. ऐका की जरा," काकू म्हणाल्या.

"ती इथे शिकवते. तिला मी शिकवलंय."



काका-काकूंची लाँड्री होती. कपड्यांना खळ घालता घालता ती काकांच्या स्वभावातही उतरली, म्हणून गल्लीने त्यांना कडककाका केलं. दुकान लांबुळकं आणि अरुंद. चादर धुऊन वाळली की दोन कोपरे काकांच्या हातात, दोन काकूंच्या. ताणायची, झटकायची आणि तशीच ताणलेली, यंत्रांच्या मधल्या बोळकांडीतून फडताळापर्यंत न्यायची. एक सरळ चालणार, दुसरा उलटा, आणि मध्ये चादर लोंबता कामा नये. डोळे एकमेकांच्या तोंडाकडे. पायाकडे बघितलं की चादर गेलीच खाली.

लेकीने तीन महिन्यांपूर्वी लाँड्री सोडली आणि तळ्यावर लोकांना कयाक शिकवायला लागली. काकांचं एकच पालुपद: "खेळणं म्हणजे काम नव्हे." शेवटी लेक म्हणाली, "एकदा या. पलीकडच्या लाल झेंड्याला हात लावून परत या, कुणी दोर लावून ओढायचं नाही. मग बोला. तरीही हे काम नाही असं वाटलं, तर दुकानाची माझी किल्ली मला परत द्या, सोमवारपासून मी इस्त्रीवर. पटलं, तर किल्ली तुम्हीच ठेवून घ्या." आणि आज ते आल्यावर ती किल्ली तिने काठावर काढून ठेवलेल्या त्यांच्या उजव्या बुटात टाकली.

काकांनी सकाळी दाढी करताना वाक्य पाठ करूनच ठेवलं होतं. 'छान आहे, पण सोमवारी लवकर ये.' काकूंना ते दाराआडून ऐकू गेलं होतं. लेक इथे आल्यापासून जेवताना गाणी म्हणायला लागली होती, हे काकांनी ऐकलं नव्हतं. काकूंनी ऐकलं होतं.

असो. नाव सुटली.

तळं असं पसरलेलं, जणू देवाने स्वतःच्या हाताने इस्त्री फिरवून नुकतंच अंथरलंय. एक सुरकुती म्हणून नाही. डोंगर वर उभे आणि तेच डोंगर खाली उलटे. "खळ मस्त बसलीय," काका नकळत बोलून गेले.

काकूंनी वल्हं मारलं, काकांनी मारलं. दोघांनीही आपापल्या पुढे. आणि दोघांचं 'पुढे' एकमेकांच्या विरुद्ध! नाव जागच्या जागी कुरकुरली, मग गोल फिरली. डोंगर फिरले, काठ फिरला, लेक डावीकडून उजवीकडे गेली आणि पुन्हा डावीकडून आली.

"अहो, मला गरगरतंय!"

"मग थांबव की!"

"मी थांबवू? तुम्हीच ढवळताय!"

पाचव्या गिरकीला काकूंनी वल्हं मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. डोळे उघडले तर समोर तेच तोंड, दुकानातलं. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अहो, ही चादर आहे! फडताळाकडे चाललोय. मी सरळ, तुम्ही उलटे. ध...र!"

काकांचे हात आपसूक उठले. "धर," ते म्हणाले.

"ता...ण!"

काकूंचं वल्हं पाणी मागे सारी, काकांचं पाणी पुढे ढकली, आणि नाव अशी सरळ सुटली की गवतातले पांढरे पक्षी दचकून उडाले. धर, ताण. धर, ताण. काकांना हसू फुटलं. एकदा हसायला लागले की त्यांना थांबता येत नसे, म्हणून ते सहसा सुरूच करत नसत. आता उचकी लागेपर्यंत हसले.

"हसू नका, चादर लोंबतेय!" काकू म्हणाल्या आणि स्वतःच फिस्सकन् फुटल्या.

झेंडा आला. काकांनी पाठीमागे हात नेऊन चाचपडत त्याला शिवलं, आणि एकदम गंभीर झाले. "आता वळवायची कशी गं?"

"फडताळापासून येताना आपण कधी वळतो का? आता तुम्ही सरळ, मी उलटी."

खरंच की! नावेला दोन्हीकडे नाक. काका आता तोंडाने काठाकडे निघाले, आणि काठावर त्यांना लेक दिसली.

ती गुडघाभर पाण्यात उभी होती. शेजारच्या नावेत एक निवृत्त पोस्टमन वल्हं गळा आवळल्यासारखं धरून बसले होते. लेकीने त्यांच्या मुठीवर हात ठेवला. पाण्यावरून आवाज स्वच्छ आला. "जोर लावायचा नाही. वजन सोडायचं. बाकी ते आपलं आपण सरकतं."

काकांचा हात अडखळला. अकरा वर्षांच्या लेकीच्या हातावर हात ठेवून, पहिल्यांदा इस्त्री धरायला लावताना, हेच बोलले होते ते. असेच. पोस्टमनची नाव हलली, आणि तो माणूस आनंदाने "अरेच्चा!" म्हणाला. लेकीच्या कपाळावर घाम होता.

काकू काकांचं तोंड बघत होत्या. सत्तावीस वर्षं वाचलेलं तोंड.

नाव काठापासून दहा हातांवर आली. लेकीने वळून बघितलं. हसली नाही. "बोला, बाबा."

काकांनी घसा खाकरला. पाठ केलेलं वाक्य आठवेना. उचकी मात्र आली.

"बुटातली किल्ली फेक इकडे!"

"उतरा ना, हातात देते."

"कोण उतरतंय? आम्हाला अजून एक फेरी मारायचीय. फेक म्हणतो ना! ती आता माझी."

लेक बुटाकडे धावली.

"अहो, पाण्यात पडेल!" काकू किंचाळल्या.

काकांनी गळ्यातला टॉवेल काढला, दोन कोपरे बायकोकडे भिरकावले. "धर! ताण!"

किल्ली उन्हात चमकत आली आणि ताणलेल्या टॉवेलच्या बरोबर मधोमध पडली.