हात न जाणारी फट

"मॅडम, तुमचा हात बारीक आहे. घालून बघा."

आर्किटेक्ट मॅडमनी घड्याळ काढलं आणि भिंत व तिच्यावर बाहेरून बसवलेली दगडी फरशी यांच्यामधल्या फटीत हात घातला. तो मनगटापाशीच अडकला.

"इथून आत पाणी अडवायची पट्टी चिकटवायची म्हणता. कोण चिकटवणार? मुंगी?"

गळतीकाका स्वतः हसले नाहीत. सव्वीस वर्षं इमारतींत पाणी कुठून शिरतं ते शोधणाऱ्या माणसाला साइटवर दुसरं नाव कोण ठेवणार! नकाशा चुकीचा नव्हता, हेच तर दुखणं होतं. कागदावर पट्टी खिडकीच्या चौकटीवर बरोब्बर वळली होती. फक्त आधी पट्टी, मग फरशी, एवढं कोणी लिहिलं नव्हतं. फरशीवाले सहाही मजले झाकून निघून गेले होते.

"निदान या एका मजल्याच्या फरश्या उतरवू. नवजात बाळांचा वॉर्ड आहे हो. भिंतीत ओल धरली की बुरशी आलीच. दीड किलोचं पोर ते, त्याला शिंकसुद्धा परवडत नाही."

"पटतंय काका. वर बोलले मी. पंधरा दिवसांवर उद्घाटन आलंय. बाहेरून सीलंट भरून फट बुजवा म्हणतात."

"दोन वर्षं टिकेल."

"माहितीये मला."

काका हॉस्पिटलच्या मॅनेजरांकडे गेले. त्यांनाही पटलं. त्यांनी तर चहा पाजला. काकांना वाटलं, यापेक्षा कोणी अंगावर आलं असतं तर बरं. भांडायला समोर माणूस तरी हवा ना!

सीलंट भरल्यावर अर्धा तास खिडकीवर पाण्याचा मारा केला. काका आत भिंतीला तळवा लावून उभे. भिंत ठणठणीत कोरडी. अहवालातल्या 'आज गळती नाही' या ओळीखाली त्यांनी सही केली. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नर्स बाळांच्या काचपेट्या त्याच भिंतीशी ओळीने लावत होती.

"सिस्टर, ह्या जरा हातभर अलीकडे नाही का घेता येणार?"

"ऑक्सिजनचा नळ ह्याच भिंतीत आहे ना काका. नळी पुरायला नको?" मग ती थबकली. "का हो? काही आहे का भिंतीत?"

"आज काही नाही," काका म्हणाले.

पेटी हलत होती. काकांनी खाली बसून तिच्या चाकांचे ब्रेक एकेक करून लावून दिले.