खालची घडी

पेडगावात रायभानला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे सुभेदार म्हणायचे. सतरा वर्षं फौजेत काढून तो शिपाई म्हणूनच परतला होता. गावानं त्याला परस्पर बढती दिली आणि त्यानं ती नाकारली नाही. पारावर बसला की त्याची बर्फातली लढाई सुरू व्हायची. दरवर्षी तिच्यात दोन-चार दुश्मन वाढायचे, कमी कधी झाले नाहीत. खरं तर त्या सतरा वर्षांत त्यानं साहेबांचे बूट चमकवले, भाजी आणली, कुत्री फिरवली. ऑर्डरली होता. हातावरचा डाग गोळीचा नव्हता, इस्त्रीचा होता. एवढं सोडलं तर माणूस सरळ होता.

पण त्याच गोष्टी ऐकून त्याचा पुतण्या बिरू मेंढरं सोडून भरतीला गेला. घेऊन गेला तोही रायभानच.

गेल्या श्रावणात तार आली, बिरू उंचावरून पडून वारला. मागून फौजेचा कागद आला: त्या वेळी ड्युटी नव्हती, स्वतःच्या चुकीनं पडला, हे मरण नोकरीमुळं आलेलं नाही. म्हणजे नोकरीवर मेलेल्याच्या विधवेला मिळतं ते पेन्शन त्याच्या बायकोला, केवळाबाईला, मिळणार नव्हतं. मिळणार होतं ते मीठ-मिरचीपुरतं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका संस्थेतले भगवानराव गावात आले. शिपायाला साहेबाच्या घरकामाला जुंपणं कायद्यानं बंद व्हावं आणि त्या कामात मेलेला नोकरीवरच मेला असं धरावं, म्हणून संसदेपुढं ठेवायचा अहवाल ते तयार करत होते. गावोगाव फिरून अशी मरणं गोळा करत होते.

"तारेनंतर दोन दिवसांनी त्येंचं पत्र आलं व्हतं," केवळाबाईनं सांगितलं. "चुलतसासऱ्याकडं हाय. मला वाचता येत न्हाई, त्येंनीच वाचून दाखवलं."

"जपून ठेवा. तुमची केस त्या पत्रावरच उभी राहील. महिन्याभरानं मी परत येतो."

रायभाननं तिला वाचून दाखवलं होतं ते असं, की बिरू बंदूक घेऊन पहाऱ्यावर हाय, बरा हाय. पत्रात बंदूक कुठंच नव्हती. साहेबाच्या बंगल्यावरची पाण्याची टाकी होती, ती धुवायचा हुकूम होता. आणि निळ्या अंतर्देशीयाच्या तिसऱ्या, खालच्या घडीवर लिहिलं होतं: "काका, हितला जुना हवालदार म्हणला, तुमीबी जल्मभर हेच केलं. मग मला का न्हाई सांगितलं?"

भगवानराव परत यायच्या दिवशी सकाळी रायभान पत्र घेऊन चुलीपुढं बसला. हिशेब त्यानं सरळ मांडला: वरच्या दोन घड्या केवळाच्या, खालची आपली. टाकी वर, हुकूम वर. पोरीचं काही जात नाही. घडीवरून नख ओढलं, कागद ब्लेडनं कापावा तसा फाटला. खालचा तुकडा त्यानं जाळात सारला.

दुपारी सरपंच व्यंकटरावांनी पारावर गाव गोळा केलं. सुभेदाराचं बयान म्हणजे गावाची इज्जत.

"सुभेदार, दुश्मन नीट मोजून सांगा बरं," गर्दीतून मुंजाजी ओरडला. "सायेब लिहून घ्यायलेत!"

हशा पिकला. भगवानराव पत्र वाचत होते, त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी कागद उलटा केला. "खालची घडी कुठंय?"

"उंदरानं खाल्ली."

"उंदीर घडी बघून खात नाही, रायभानराव."

"त्यात कामाचं काय नव्हतं सायेब. घरचंच व्हतं."

"त्यात बिरूची सही असणार. मागच्या बाजूला टपालाचा शिक्का असणार. आता टाकीच्या हुकमाचं हे पत्र कुणीही घरी बसून लिहिलं म्हणतील."

रायभाननं पाराचा दगड धरला. केवळाबाई भिंतीशी पदर धरून उभी होती. तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "मग माझं बयान घ्या. म्या सांगतो ऑर्डरली काय करतो ते."

आणि त्यानं सांगितलं. बूट, कुत्री, धुणी, टाक्या. इस्त्रीसुद्धा सांगितली. मुंजाजी आधी हसला, मग त्यालाच ते बरं वाटेना.

"आन् ती बर्फातली लढाई?" व्यंकटरावांनी विचारलं.

"बर्फ व्हता मालक. सायबाच्या गिलासात."

कुणी हसलं नाही. भगवानरावांनी शेवटच्या शब्दापर्यंत लिहून घेतलं, अंगठा घेतला नाही, सही घेतली. मग पेनाला टोपण लावलं.

"हे अहवालात जाईल. पण हे तुमच्या नोकरीचं झालं. बिरूला त्या दिवशी हुकूम होता, हे यानं ठरत नाही."

"मग केवळाचं?"

"ते त्या पत्रानं झालं असतं."

एवढ्यात केवळाबाई पुढं आली. भांडेल असं सगळ्यांना वाटलं. ती भगवानरावांना म्हणाली, "सायेब, हाय तेवढं तरी मला वाचून दाखवा. मला वाचून दाखवलं त्यात टाकी नव्हती."

भगवानराव वाचू लागले. "हितं डोंगरात श्रावणातबी थंडी लय हाय. उद्या बंगल्याची टाकी धुवायचा हुकूम झालाय. शिडी मोडकी हाय. दोरी मागितली तर मेमसाहेब म्हणल्या, कशाला. काका, केवळाला म्हणावं, दिवाळीला येतोय, आन् तिला म्हणावं..."

ते थांबले. पुढं कागद नव्हता.

"काय म्हणावं?" केवळाबाईनं रायभानला विचारलं. "तुमी वाचलंय. काय म्हणावं?"

रायभान आठवू लागला. त्यानं ती घडी शंभर वेळा वाचली होती, आणि प्रत्येक वेळी नजर एकाच ओळीवर जाऊन बसली होती. तेवढीच त्याला पाठ होती. केवळाबाई वाट बघत उभी होती.