तळहातावर उतरलेला रोग

सभागृहात खुर्च्या कमी पडल्या होत्या. गुरुजींनी खूण करताच भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बायकांनी हात वर केले. सगळे तळहात केशरी.

"बघा, माझा गाजराचा अर्क प्यायल्या आणि स्तनातला रोग हातावर उतरला," गुरुजी म्हणाले. "आता पसरेल कुठून? हे मी नाही, विज्ञान म्हणतंय. अ जीवनसत्त्वाने कर्करोगाच्या पेशी जागच्या जागी थिजतात."

टाळ्या पडल्या. त्या हातांत ताईचाही हात धाकट्या बहिणीला दिसला. सोमवारी ताईच्या स्तनातल्या गाठीची शस्त्रक्रिया होती, आणि ताई ती नको म्हणायला लागली होती. धाकटी प्रयोगशाळेत अशाच पेशी वाढवायची. गुरुजींचं अर्धं वाक्य खरं होतं, हाच तिला घोर.

घरी आल्यावरही तिला बसवेना.

"ताई, अ जीवनसत्त्वापासून बनवलेलं औषध काचेच्या बशीत टाकलं की काही पेशींचं सरपटणं मंदावतं. मी स्वतः पाहिलंय. काही मात्र ढिम्म असतात. पण बशी म्हणजे माणूस नव्हे, आणि गाजराचा अर्क म्हणजे ते औषध नव्हे."

"मग हात कसा रंगला? तुझं विज्ञान असं हातावर दिसतं का?"

तेवढ्यात बस आगारात लावून भाऊजी आले. ताईला एकटीला अर्क पिववत नाही, म्हणून रोज अर्धा पेला त्यांचा. त्यांनी तो तोंड वाकडं करून संपवला. धाकटीने त्यांचा हात धरून दिव्याखाली उलटा केला. केशरी.

"भाऊजी, तुम्हाला कुठे गाठ आहे?"

"मला? मला साधी सर्दी होत नाही."

"मग हा कुठला रोग उतरला?"

"मला वाटलं, स्टिअरिंगचा रंग लागला."

ताई हसली नाही. तिने दोघांचे तळहात शेजारी धरून पाहिले.

"गाजरातला रंग वापरून उरला की कातडीत साचतो," धाकटी म्हणाली. "तळहातावर लवकर दिसतो. पिणं सोडलं की जातो. गाठ तिथेच राहते."

"मला कापून घ्यायची भीती वाटते गं."

"मलाही वाटते. तरी जाऊ."

मग ताईने सभेतल्या ओळखीच्या बाईला फोन लावला. "तुमच्याकडे अर्क आणखी कोण पितं? सासूबाई? त्यांना काही आजार नाही ना? मग त्यांचे हात बघा बरं."

एवढंच करायचं असतं. चमत्कार दाखवणाऱ्याला विचारा, निरोगी माणसालाही हे होतं का? तो उत्तर शोधत बसेल. तुम्ही डॉक्टरांकडे जा.