सलूनवाल्याचं आयोडीन

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर सलूनवाल्याला किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली, आणि तो घरी पोचायच्या आधी त्याच्या अंगातून किरणं निघतात ही बातमी गल्लीत पोचली. आधी दवाखान्यात, मग घरी तो एकटाच एका खोलीत राहिला. दवाखान्यातल्या किरणं मोजणाऱ्या बाईंनी "आता कामाला लागा" म्हटल्यावरच त्याने दुकान उघडलं. कात्र्यांना तेल दिलं आणि दिवसभर आरशात स्वतःचंच तोंड बघत बसला. नेहमीची गिऱ्हाइकं वाढलेले केस घेऊन पलीकडच्या कडेने जात होती.

"थोडे दिवस बंदच ठेवा," बायको म्हणाली. "विसरतील लोक."

"बंद ठेवलं तर त्यांना वाटेल, खरंच काहीतरी आहे. मी उघडणार."

संध्याकाळी थोरली बहीण आली. त्याच्या आजारपणात तिने जिवाचं रान केलं होतं, पण आता तिचं पाऊल उंबऱ्यातच अडलं.

"ताई, त्या औषधाला अर्धायुष्य असतं," तो समजावू लागला. "आठवडाभरात जोर निम्मा होतो. पुढच्या आठवड्यात त्याच्याही निम्मा. शिवाय बरंचसं लघवीवाटे निघून जातं."

ताईचा जन्म कापडदुकानात मापं घेण्यात गेला होता. "निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं. मग ते संपतं कधी? काहीतरी उरणारच की रे."

थाप मारून वेळ निभावता आली असती, पण बहिणीपुढे ते जमेना. सकाळी तो तिलाच घेऊन दवाखान्यात गेला.

"प्रश्न रास्त आहे," मोजणाऱ्या बाई म्हणाल्या. "पण आम्ही शून्याची वाट बघतच नाही. दुसऱ्याला धोका उरला नाही ना, एवढंच बघतो. किरणं दगडामातीत असतात, खाण्यात असतात. तुमच्या हाडामांसातही आहेत."

"माझ्यात? मी तर कसली गोळी घेतली नाही."

बाईंनी मीटर भावासमोर धरला, मग खिडकीच्या दगडी चौकटीपाशी नेला. आकडा जवळपास तोच. ताईने चौकटीच्या दगडाला हात लावून पाहिला.

परतताना ती घरी न जाता थेट दुकानात शिरली. पुरुषांच्या त्या दुकानात ती आजवर कधी बसली नव्हती. खुर्चीत बसून तिने अंबाडा सोडला.

"शेंडे काप. आणि दार उघडंच राहू दे. बघू देत सगळ्यांना."

त्याने कंगवा फिरवून केस सरळ केले आणि कात्री चालवली. बाहेर चार जण रेंगाळले. त्यातला इस्त्रीवाला शेवटी दारात आला.

"खरं सांग, अंगात काही उरलंय?"

"पार शून्य नाही," सलूनवाला म्हणाला. "पण शून्य तुझ्यातही नाही. बसतोस?"

इस्त्रीवाल्याने ताईकडे पाहिलं, आणि बाकावर बसून आपली पाळी यायची वाट बघू लागला.

काही गिऱ्हाइकं कायमचीच तुटली. उरलेल्यांना हेच उत्तर तो दर वेळी, न कंटाळता देत राहिला.