खणाची पानं

२०१८ सालचा ऑक्टोबर. कॅनडातल्या ओकव्हिलच्या प्रभाबाई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या, आणि नात ईशिता हिच्या साखरपुड्यासाठी सगळं घर रेजिनाला निघालं होतं.

आदल्या दिवशी सूनबाई नीलिमानं त्यांच्या पलंगावर नवा कोट आणून ठेवला. राखाडी, लोकरीचा, किमतीची चिठ्ठी काढून टाकलेला.

"आई, तिकडे हा घाला. तुमचा निळा राहू दे."

"का? निळ्यानं काय केलंय?"

"कोपरांवर लाल ठिगळं आहेत त्याच्या. विहीणबाई प्रमिलाताई म्हणतील, मुलगा आईला धड कोटसुद्धा घेत नाही."

"दिसावीत म्हणूनच तर लाल लावली," प्रभाबाई म्हणाल्या.

प्रभाबाईंचे यजमान जनार्दनराव यांनी टॅबलेटवरची नजर वर केली. "नीलिमा, नाद सोड. हिला नवं कापड दिलंस तर ते कधी फाटतंय याची ही वाट बघत बसेल."

त्यात खोटं काही नव्हतं. प्रभाबाई अमरावतीला शाळेत शिवण शिकवत. त्यांच्या आईनं केलेला रफू उन्हात धरला तरी सापडत नसे. ती विद्या प्रभाबाईंनी पुरती आत्मसात केली आणि चाळिशीत आपणहून सोडून दिली. शाईच्या डागावर त्या चिमणी भरत. नवऱ्याच्या स्वेटरला भोक पडलं की त्यावर मोहरीच्या रंगाचा चौकोन विणत. साडीचा कुडता, कुडत्याची पिशवी, सगळं हातानं. काटकसर म्हणून नव्हे. ते त्यांचं नटणं होतं. ओकव्हिलच्या ग्रोसरीच्या रांगेत अनोळखी बायका थांबवून विचारत, हे कुठे मिळालं. अशा वेळी प्रभाबाईंची मान जराशी वर जाई.

त्या निळा कोट घालूनच विमानात बसल्या.

रेजिनाला बर्फ भुरभुरत होतं. मुहूर्त दुपारी चारचा होता. नवऱ्या मुलाची, स्वानंदची, आई प्रमिला कामाला वाघ, पण शकुन-अपशकुनाला भारी घाबरणारी. बारा वाजता तिनं बेसमेंटमधून सुटकेस वर आणली. आत तिच्या सासूबाईंची जांभळी रेशमी साडी होती. सासूबाई ती साखरपुड्याला नेसल्या होत्या, प्रमिलाही नेसली होती. स्वानंदच्या बायकोला हीच नेसवीन, असा शब्द तिनं सासूबाईंना त्यांच्या शेवटच्या दुखण्यात दिला होता.

तिनं प्लॅस्टिकची पिशवी काढली, साडी उलगडली, आणि कापड करकरलं. घडी जिथे जिथे होती तिथे रेशीम उभं चिरत गेलं होतं. वीत-वीतभर लांब चार चिरा.

प्रमिला मटकन सोफ्यावर बसली. "सासूबाई गेल्यापासून बावीस वर्षं जपली हो. हात नाही लागू दिला कुणाला."

"फर्नेसच्या खोलीत होती का?" प्रभाबाईंनी विचारलं.

"कोरडी राहावी म्हणून तिथेच ठेवली."

प्रभाबाईंना सगळं कळलं. रेशमाला वर्षातून एकदा वारा दाखवायचा असतो, जुनी घडी मोडून नवी घालायची असते. इथे बावीस हिवाळे तीच घडी घर तापवणाऱ्या भट्टीच्या त्याच कोरड्या उष्णतेत दाबून राहिली होती.

"दुसरी नेसू या की," मुलाचे वडील रविकांत दारातून म्हणाले. "साड्यांना काय तोटा आहे?"

"तुमच्या आईला मी शब्द दिलाय," प्रमिला म्हणाली. मग हळूच, "आणि आजच्या दिवशी फाटावी, याचा अर्थ काय घ्यायचा? मला तर आता हे पुढे न्यायचीच भीती वाटते."

 ईशिता जिन्यावर उभी होती. तिनं ते ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

नीलिमानं सासूकडे पाहिलं. "आई, तुमचा तो न दिसणारा रफू?"

प्रभाबाईंनी चिरेची कड बोटांत धरून पाहिली. "जमणार नाही. हे रेशीम सुईचा ताण सोसणार नाही, खालून आधार हवा. म्हणजे दिसणार. दिसणारच आहे तर ऐटीत दिसू दे."

"ठिगळ?" प्रमिला दचकली. "साखरपुड्याच्या साडीला ठिगळ?"

"नीलिमा, ओटीसाठी आणलेले खण कुठे आहेत?"

नीलिमानं पिशवी आणली. दहा-बारा खण होते. मराठी घरांत या खणांचं सहसा कुणी काही शिवत नाही; एकीच्या ओटीतून दुसरीच्या ओटीत ते आयुष्यभर फिरत राहतात. प्रभाबाईंनी एक हिरवा आणि एक डाळिंबी निवडला.

"प्रमिलाताई, असाच खण तुम्ही ईशिताच्या ओटीत घालणार होतात ना?"

"हो."

"मग तो अशुभ कसा होईल? ओटीत घालण्याऐवजी साडीत घालतोय. तुमच्या सासूबाईंची साडी, ओटीचा खण, वर तुमच्या हातचा टाका. एवढा शकुन पुरे नाही का?"

 प्रमिला उठून स्वयंपाकघरात गेली. नीलिमाला वाटलं, संपलं सगळं. प्रमिला कोथिंबिरीची कात्री घेऊन परत आली.

"धुतलीय," ती म्हणाली. "मला पण सुई द्या."

प्रभाबाईंनी पर्समधल्या चष्म्याच्या डबीतून सुया काढल्या. खण पानांच्या आकारात कापले, चिरांखाली ठेवले आणि वरून पिवळ्या दोऱ्यानं गोधडीसारखा धावदोरा घालायला सुरुवात केली.

"अगं, इतकं ओढू नकोस," त्या प्रमिलेला म्हणाल्या. "रेशीम आहे, म्हैस नव्हे."

"काकू, माझे टाके वाकडे येतायत."

"येऊ देत. नाहीतर तुझे कुठले ते कसं कळणार?"

जनार्दनराव डोकावून गेले. "साखरपुडा कुठल्या साली आहे?"

"तुम्ही चहा टाका," तिघी एकदमच म्हणाल्या.

साडेतीनला शेवटची गाठ बसली. जांभळ्या रेशमावर चार पानं उभी होती, दोन हिरवी, दोन डाळिंबी. आपल्याला हे शोभेल का, ही शंका ईशिताला शिवलीच नाही. तिनं आरशात पाहिलं आणि निऱ्या उलगडून पुन्हा घातल्या, पानं समोर येतील अशा. "आजी, डोन्ट हाइड देम," ती म्हणाली.

पाहुणे आले. एका बाईनं निऱ्यांकडे बोट दाखवलं आणि प्रमिलेला विचारलं, ही कुठली नवी पद्धत?

"आमच्या घरची," प्रमिला म्हणाली, आणि कुंकवाची कोयरी पुढे केली.

ईशिता आणि स्वानंदचं लग्न पुढच्या मे महिन्यात झालं. ते दोघं रेजिनालाच राहतात. साडीला त्यानंतर आणखी दोन चिरा गेल्या, त्या ईशितानं स्वतःच्या हातानं शिवल्या, निळ्या दोऱ्यानं. रविकांत सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. प्रमिला दर जूनमध्ये सगळ्या साड्या डेकच्या कठड्यावर वाळत घालते. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांना वाटलं, सेल लागलाय. जनार्दनराव २०२१ मध्ये गेले, मोहरीच्या चौकोनांचा स्वेटर अंगात असतानाच. शेवटपर्यंत तो त्यांच्याकडून धुवायलाही मागूनच घ्यावा लागे.

राखाडी कोट नीलिमा स्वतः वापरते. गेल्या हिवाळ्यात त्याचा खिसा फाटला, तेव्हा तो तिनं मुकाट्यानं सासूच्या मांडीवर आणून ठेवला आणि रंग मात्र स्वतः निवडला, केशरी. प्रभाबाई आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. सुईचं नेढं त्यांना दिसत नाही. नीलिमा रोज सकाळी कामावर जायची लोकल, गो ट्रेन, गाठायच्या आधी दहा सुया ओवून सुयांच्या उशीला टोचून ठेवते. संध्याकाळी ती परतते तेव्हा ओवलेली एकही सुई शिल्लक नसते.